चकवणारे फूल आणि चकवणारा पत्ता

बोर्निओ बेटाच्या उत्तर भागात, मलेशियाच्या सबाह राज्यात, 4,095 मीटर उंचीचा किनाबालू पर्वत उभा आहे. त्याचे शिखर ग्रॅनाइटचे असले, तरी उतारांवर ठिकठिकाणी सर्पेंटाइन खडक उघडा पडलेला असून, त्यापासून झालेल्या मातीत निकेल व मॅग्नेशियम इतके जास्त आणि फॉस्फरस इतका कमी असतो की बहुतेक झाडांना ती मानवत नाही. अशाच जमिनीवर, सुमारे 500 ते 1,200 मीटर उंचीच्या कडेकपारींत, पॅफिओपेडिलम रॉथशिल्डियानम हे ऑर्किड वाढते. त्याच्या फुलाची एक पाकळी, जिला वनस्पतिशास्त्रात ओठ म्हणतात, मोजडीच्या पुढच्या भागासारखी पोकळ असते. बाजूच्या दोन पाकळ्या जवळजवळ आडव्या पसरून त्यांचा विस्तार 30 सेंटिमीटरपर्यंत भरतो.

या फुलात मध नसतो. ओठाच्या तोंडाशी वंध्य पुंकेसर, म्हणजे पराग न बनवणारा व ढालीसारखा रुंदावलेला पुंकेसर असतो, आणि त्यावरील केसांची दाटी मावा किडीच्या वसाहतीसारखी दिसते. सिरफिड माशीच्या अळ्या मावा खाऊन जगतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. त्यामुळे अंडी घालायला जागा शोधणारी मादी येथे फसते. जॉन ॲटवुड यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार डिडिऑप्सिस एग्रोटा या जातीच्या माद्या या पुंकेसरावर खरोखरच अंडी घालतात. मात्र तेथे मावा नसल्याने अळ्यांना अन्न मिळत नाही. माशी घसरून ओठात पडली की गुळगुळीत भिंतीवरून तिला चढता येत नाही. मागच्या बाजूच्या केसांच्या आधाराने ती वर सरकते, आधी कुक्षीखालून म्हणजे स्त्रीकेसराच्या पराग स्वीकारणाऱ्या टोकाखालून जाते आणि मग अरुंद फटीतून निसटताना चिकट पराग अंगावर घेऊन बाहेर पडते. हा क्रम उलटा असता, तर फुलाला स्वतःचाच पराग लागला असता.

माणसाने रचलेला चकवा इतका नजाकतीचा नव्हता. वनस्पतिशास्त्रज्ञ राइखेनबाख यांनी 1888 साली या वनस्पतीचे नामकरण फर्डिनांड डी रॉथशिल्ड यांच्या नावावरून केले, त्या वेळी तिचे मूळ स्थान न्यू गिनी असल्याचे सांगितले गेले. प्रतिस्पर्ध्यांना चुकीच्या बेटावर धाडण्यासाठी ऑर्किडच्या व्यापाऱ्यांनीच ही थाप मारली असावी, असे मानले जाते. ती इतकी टिकली की ही वनस्पती किनाबालूवर पुन्हा सापडायला 1959 साल उजाडले. व्यापाऱ्यांचा हेतू शुद्ध स्वार्थाचा होता. तरीही त्या थापेने या झाडाचे जेवढे रक्षण केले, तेवढे नंतरच्या कायद्यांना साधले की नाही, याची शंका येते. किनाबालू उद्यान 1964 साली स्थापन झाले आणि 1990 पासून पॅफिओपेडिलमच्या सर्व जातींच्या जंगली रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. तरी ही जाती आज अतिसंकटग्रस्त गणली जाते. बियांत अन्नसाठा जवळजवळ नसल्याने निसर्गात त्या विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेच रुजतात, आणि रोपाला फुलावर येण्यास 10 वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. उपटलेल्या झाडाची जागा लवकर भरून निघत नाही, ती यामुळे.

सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, अगस्त्यमलैच्या खडकाळ गवताळ उतारांवर, याच प्रजातीतील पॅफिओपेडिलम ड्रुरी ही पिवळ्या फुलांची जाती आढळते; भारतीय द्वीपकल्पातील ही एकमेव चपलाकार ऑर्किड. ती नामशेष झाली असे समजले जात असतानाच 1972 साली पुन्हा सापडली, परंतु तिचा पत्ता लपलेला राहिला नाही, आणि संग्राहकांनी तेथील रोपे मोठ्या प्रमाणात उचलून नेली. केरळातील पालोड येथील वनस्पती उद्यानाने पुढे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे त्याच डोंगरावर नेऊन लावली.