पालवणकरांचा चेंडू

२०२३ च्या मार्चमधली कसोटी आठवते का रे? आपल्याच होळकर स्टेडियमवरची. तुमच्या बाबाने पाच दिवसांची रजा टाकली आणि सामना तिसऱ्या दिवशी सकाळीच आटोपला! पहिल्या दिवशीच १४ विकेट. आपला डाव १०९ धावांत गडगडला, त्यातले ५ बळी ऑस्ट्रेलियाच्या कुन्हेमनने १६ धावांत घेतले. तो डावखुरा फिरकीवाला. त्यांना नाचवलं आपल्या जडेजाने, तोही डावखुरा. तेव्हा छोटीने विचारलं होतं, "आजोबा, हवेत तर काहीच नसतं, मग बॉल तिथेच कसा काय वळतो?"

हवेत काही नसतं असं कोणी सांगितलं तुला? हवा आहेच की. आणि तिच्याशी कसं खेळायचं हे ज्याला पुस्तकाशिवाय कळलं, त्याची गोष्ट आज ऐका.

बाळू त्याचं नाव. घराणं कोकणातल्या पालवणचं म्हणून पालवणकर. जन्म १८७६ चा, धारवाडचा. जातीने चांभार, म्हणजे त्या काळच्या हिशेबात अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत, म्हणून मुलं पुण्यात वाढली. बाळूला काम मिळालं पारशी लोकांच्या क्रिकेट मैदानावर, महिना तीन रुपये. खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रोलर फिरवायचा. पुढे साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेला. तिथे जाळी बांधायची आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. बॅट मात्र हातात मिळायची नाही. फलंदाजी साहेबाने करायची आणि घाम बाळूने गाळायचा.

ग्रेग नावाचा एक कप्तान होता तिथे, उत्तम फलंदाज. तो म्हणे इतरांच्या आधी येऊन तासन् तास बाळूकडून चेंडू टाकून घ्यायचा. आपल्याला बाद केलंस की आठ आणे, असंही त्याने कबूल केलं होतं म्हणतात. दंतकथा असेल, पण मला आवडते. महिन्याला चार रुपये पगार आणि एका विकेटला आठ आणे! कोण नाही शिकणार?

आता शिकला काय ते बघा. बाळूसारखा डावखुरा फिरकीवाला चेंडू सोडताना बोटांनी त्याला गरकन फिरवतो. फिरता चेंडू आपल्या अंगालगतची हवा सोबत ओढतो. एका बाजूला ही ओढ समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेनेच असते, दुसऱ्या बाजूला उलट. त्यामुळे मागे सुटणारी हवा सरळ न सुटता एका अंगाला फेकली जाते. चेंडूने हवा इकडे ढकलली की हवा चेंडूला तिकडे ढकलते. बर्लिनच्या माग्नुस नावाच्या शास्त्रज्ञाने १८५२ साली यावर प्रयोग केले, म्हणून हा माग्नुस परिणाम. न्यूटनला त्याआधी सुमारे एकशेऐंशी वर्षं टेनिसचा चेंडू बघून हेच खटकलं होतं.

आता ए-फोर कागदाची नळी करा, टोकं चिकटवा आणि टेबलावर तिरक्या ठेवलेल्या पाटीवरून गडगडत खाली सोडा. पुढे लांब जाऊन पडेल वाटतं ना? ती वळून टेबलाखाली शिरते.

फिरकीवाल्याच्या चेंडूचा कणा तिरका असतो, म्हणून एकच फिरकी तीन कामं करते. पुढच्या दिशेची फिरकी चेंडूला खाली दाबते आणि तो फलंदाजाच्या अंदाजाआधीच टप्पा घेतो. आडवी फिरकी त्याला हवेत उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायाकडे सरकवते. आणि जमिनीला टेकल्यावर उरलेली फिरकी मातीला धरून त्याला उलट, ऑफच्या बाहेर नेते. आत आला म्हणून बॅट आत नेली की चेंडू बाहेर. यष्टिरक्षक खूश.

तिसरं काम माती करते, आणि बाळूचं खरं शिक्षण तिथेच झालं. आपल्या माळव्याची काळी जमीन उन्हाळ्यात कशी भेगाळते, बघितलंत ना? माळवा काय आणि पुणं काय, सारा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड. तो कुजून चिकण झाली. खारीच्या पापुद्र्यांसारखे तिचे बारीक थर असतात. थरांत पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आवळते आणि तडकते. ओलसर असताना रोलर फिरवला तर आतली हवा निघून दगडासारखी घट्ट बसते. वरचा थर ओला राहिला की शिवण त्यात रुतते. सुकून भुगा झाला की चेंडू त्याला धरून वळतो. कुठे काय होणार हे रोज झाडू फिरवणाऱ्याला जितकं कळेल, तितकं छत्रीखाली बसलेल्याला कसं कळावं?

पुण्याच्या हिंदूंना साहेबांना हरवायचं होतं. बाळूला घ्यावं की नाही यावर बराच खल झाला आणि शेवटी घेतलं. पण चहाच्या वेळी संघ आत बसायचा. बाळूला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं.

"मग बॉल?" मोठ्याने विचारलं बघा बरोबर.

चेंडू कातड्याचा. बाळूने हाताळलेला तोच चेंडू सगळे झेलायचे. त्याचा विटाळ कसा होत नव्हता, हे मला आजवर कोणी समजावलेलं नाही.

बाळू पुढे मुंबईला गेले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू होते आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघातून इंग्लंडला गेले आणि सगळे सामने धरून ११४ बळी घेऊन आले. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी ही बाळूंची कमाई, आणि तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही. आपल्या महूत जन्मलेल्या आंबेडकरांना तरुणपणी या बाळूंचा फार अभिमान. १९३७ च्या निवडणुकीत मात्र दोघे समोरासमोर उभे राहिले आणि आंबेडकर जिंकले. ती गोष्ट पुन्हा कधीतरी, ती राजकारणाची.

१९२० साली एका सामन्यासाठी बाळूंना संघातूनच वगळलं आणि कप्तानी दुसऱ्याकडे दिली. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे भाऊ सरळ संघाबाहेर पडले, आणि तेही जाहीर पत्रक काढून. वर्तमानपत्रांत गाजलं ते. तीन वर्षांनी, १९२३ ला, हिंदूंचा कर्णधार झाला विठ्ठल. हिंदू चौरंगी स्पर्धा जिंकले, आणि ज्यांच्या घरी या भावांना पाण्याचा पेला मिळाला नसता, त्या वरच्या जातीच्या लोकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून मैदानातून नेलं. मोठा भाऊ तेव्हा ४७ वर्षांचा होता, आणि त्याची गोलंदाजी संपली होती.