बाळाला काय भरवावे, हे आईला कोण सांगते?



पाड्यांवरील आईवडिलांना मुलांच्या आहाराची माहिती कोठून मिळते, असे आपल्यापैकी पुष्कळजण विचारतात. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा भागात फिरताना मला जे दिसते, ते सांगते.

पहिली शिकवण घरातल्या आजीची. बाळाला काय द्यायचे, हे बहुधा तीच ठरवते. नागलीची पेज, पावसाळ्यातील टाकळा, कुरडू अशा रानभाज्या हे तिचे ज्ञान मोलाचे आहे. नागलीत भरपूर कॅल्शियम असते. पण काही घरी बाळंतिणीचे पहिले चिकाचे दूध टाकून देतात, तर कुठे वर्ष होईपर्यंत बाळाला वरचे अन्न देत नाहीत. खरे तर चिकाचे दूध बाळाला रोगांपासून जपते. सहा महिने फक्त आईचे दूध पुरते. त्यानंतर दुधासोबत मऊ, घट्टसर अन्न हवेच.

दुसरा आधार अंगणवाडी सेविका व आशाताईंचा. अंगणवाडीची योजना १९७५ पासून आहे, तर आशा २००५ नंतर आल्या. त्या गावातल्याच असल्याने बाया मनातले बोलतात. बाळाचे वजन तक्त्यावर मांडतात, दंडाला पट्टी लावतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते अतितीव्र कुपोषण समजून लगेच उपचार करावे लागतात. मूल आजारी पडले की पुष्कळजण आधी भगताकडे जातात. म्हणून भगतालाही ही पट्टी दाखवून ठेवणे उपयोगाचे.

आणि आठवड्याचा बाजारही शिकवतोच! रंगीत पाकिटातला खाऊ आणि चहात बुडवलेले बिस्किट यांनी पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगी काही लागत नाही.

खरी अडचण दिवाळीनंतर येते. कुटुंबे भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि ओळखीची सेविका मागे राहते. यासाठी निघताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेण्याची आठवण आम्ही प्रत्येक घरी करतो. कार्ड असले की तिथल्या अंगणवाडीत व दवाखान्यात लसी आणि वजनाची नोंद पुढे चालू ठेवणे सोपे जाते.

भित्तिपत्रके छापून द्यावीत, असे काहीजण सुचवतात. पण वाचता न येणाऱ्या आईला त्यांचा उपयोग थोडा. त्यापेक्षा आजी आणि सून दोघींना चुलीपाशी बसवून, नागलीच्या पेजेत डाळ व चमचाभर तेल घालून दाखवले, बाळाला तिथेच भरवले, की ते लक्षात राहते. आपल्या देणगीतून डाळ-तेल येते. वेळ काढून आपणही एकदा या. सांगण्याआधी आजीचे ऐकून घ्या, म्हणजे तीही आपले ऐकेल.