गोठविलेला ध्वनिपथ व बोलीचे मापन

पारनेर तालुक्यातील बोलीचा संवाद मुद्रित करताना प्रत्येक निवेदकाचा ध्वनिपथ, म्हणजे ट्रॅक, स्वतंत्र ठेवणे सोयीचे असते. पठारावरील वारा व यंत्राची खरखर काढण्यासाठी त्या प्रत्येकावर गोंगाट-निवारणाचा संस्कार करावा लागतो. मुद्रण वाजत असता हा संस्कार क्षणोक्षणी नव्याने होतो. त्यामुळे प्रोसेसरवरील भार वाढून आवाज तुटू लागतो. यावर उपाय ट्रॅक 'गोठविणे' हा होय. सॉफ्टवेअर सर्व संस्कार एकदाच करून त्यांची नवी ध्वनिफाईल सिद्ध करते आणि पुढे तीच वाजविते. सेकंदास ४८,००० नमुने व २४ बिट या मापाने एकपदरी मुद्रणाच्या मिनिटास सुमारे ८.६ मेगाबाइट जागा खर्ची पडते. ही किंमत क्षुल्लकच म्हणावयाची. फेरफार करावयाचा झाल्यास ट्रॅक पूर्ववत करता येतो, कारण मूळ मुद्रण अबाधित असते.

मापनासाठी मात्र गोठविलेली प्रत घेऊ नये. 'जग' म्हणजे विश्व यातील 'ज' तालव्य, तर 'जग' म्हणजे जिवंत राहा यातील 'ज' दंततालव्य आहे. लिपी हा भेद दाखवीत नाही. तो बव्हंशी घर्षणाच्या उच्च कंप्रतांत असतो, आणि गोंगाट-निवारण पुष्कळदा तोच अंश गोंगाट समजून खरवडून टाकते. लिप्यंतर करताना गोठविलेली प्रत खुशाल ऐकावी; वर्णपट मूळ फाईलवरूनच काढावा.