सावित्रीवरील दगडी पूल

आमच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या अनेक विद्यार्थ्यांची मूळ गावे पोलादपूर, खेड, चिपळूण या बाजूची. मे महिन्याच्या सुटीत ही मुले एस.टी.ने गावी निघत आणि महाड मागे टाकले की सावित्री नदीवरचा पूल लागे. गाडीच्या खिडकीतून दिसे तो केवळ कठडा. ज्या कमानींवर रस्ता तोलला होता, त्या प्रवाशाच्या दृष्टीस कधी पडतच नसत.

हा पूल १९२८ सालचा, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतरच्या वर्षाचा. डिसेंबर १९२७ च्या परिषदेसाठी बाबासाहेब व त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघाले, याच सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदरास उतरले आणि तेथून पायी महाडला पोहोचले. धरमतरवरून जाणारा मार्ग सोयीचा होता. परंतु तेथील मोटारमालकांनी बहिष्कार घातला तर पुढे जाणे अशक्य होते. दासगावाहून पाच मैल निदान चालता तरी येत होते. रस्ता असणे आणि त्यावरून आपल्याला जाता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इतिहासाच्या तासाला आम्ही याच उदाहरणाने सांगत आलो आहोत.

दगडी कमानीत लोखंड नसले तरी चालते. प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलतो. वरचा भार दगडांना एकमेकांवर अधिकच घट्ट दाबतो व बाजूंच्या खांबांकडे उतरतो. म्हणून अशा कमानी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पण त्यांचे सारे बळ खांबांच्या पायात असते. पुराचे पाणी पायाखालची माती-वाळू ओढून नेते. एक खांब कलला की त्याच्यावर रेललेल्या दोन्ही बाजूंच्या कमानींचा आधार सुटतो आणि एकीमागून दुसरी कोसळू शकते. सांध्यांत रुजलेल्या झाडांची मुळे हेच काम सावकाश करतात. पिंपळ आम्हांस वंदनीय खरा, परंतु पुलाच्या सांध्यात तो उपटलेलाच बरा!

२००१ साली शेजारी नवा पूल झाला. गोव्याकडे जाणारी वाहने त्यावरून जाऊ लागली. मुंबईकडे येणारी जुन्यावरूनच येत राहिली. मे २०१६ मध्ये जुन्या पुलाची पाहणी झाली व तो वाहतुकीस धोकादायक नाही असे ठरले. २ ऑगस्टच्या रात्री, सावित्रीला महापूर असताना, तो कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एस.टी. गाड्या व काही खासगी वाहने अंधारात पाण्यात गेली. काही मृतदेह दूर समुद्रकिनारी सापडले. पहिल्या बसचा सांगाडा हाती लागण्यास आठवडा उलटला.

बोरिवलीची ती गाडी आमच्या ओळखीची. तिच्यातून सुटीनंतर मुले परत येत, सोबत फणस आणि तांदळाची गाठोडी असत. त्या ऑगस्टमध्ये कोकणातल्या पालकांना दूरध्वनी करताना आमचे हात थरथरत होते.

पाहणीत वरचे दगड, सांधे, कठडे दिसतात. पाण्याखालचा पाया दिसत नाही. त्यासाठी पाणबुड्या उतरवावा लागतो, पात्राची खोली दरवर्षी मोजून मागच्या वर्षाशी ताडून पाहावी लागते. हे काम खर्चिक आहे, पण अवघड नाही.

त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला व ५ जून २०१७ रोजी खुला झाला. २० मार्चच्या अभिवादनासाठी महाडला गेलो की आम्ही मुलांना या पुलाशीही नेतो. नदीचे पाणी तेव्हा उतरलेले असते. काठावर उभे राहून मुले खांब पाण्यात कोठे शिरतात ते पाहतात, आणि तेथून खाली किती खोल आहे, असे विचारतात.