पाटी आहे, वाट आहे काय?

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझविण्यासाठी धावून गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी या दिवसापासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळण्यात येतो. स्मारकाला पुष्पचक्रे वाहिली जातात, शाळकरी मुलांना बंब दाखविले जातात, भाषणे होतात. आणि आठवडा सरला की ज्याचा तो आपल्या उद्योगाला लागतो. जवानांच्या धैर्याचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु ज्या आगीत त्यांना उडी घ्यावी लागते, तिच्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडण्याची सोय आपण केली आहे काय, हा प्रश्न या सप्ताहात क्वचितच विचारला जातो. तो आज आम्ही वाचकांना विचारीत आहो. ज्या कचेरीत आपण रोज आठ तास बसतो, तिच्या दुसऱ्या जिन्याचे दार कोठे आहे, हे आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? प्रथमोपचाराची पेटी कोणत्या भिंतीवर आहे आणि तिची किल्ली कोणापाशी असते, हे किती जण सांगू शकतील?

आपल्या शहरात पाट्यांना तोटा नाही. ‘थुंकू नये’, ‘वाहन उभे करू नये’, ‘फेरीवाल्यांस मनाई आहे’, अशी मज्जाव करणारी अक्षरे हातभर मोठी आणि अगदी दर्शनी जागी असतात. जीव वाचविणारी पाटी मात्र कपाटामागे, पडद्याआड किंवा रंगाऱ्याच्या नव्या हाताखाली दडलेली आढळते. याचे कारण असे की, ती तपासनिसाला दाखविण्यासाठी ठोकलेला एक पत्रा आहे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः संकटकाळची पाटी हे अनोळखी माणसाला दिलेले वचन होय. ‘इकडून या, म्हणजे सुखरूप बाहेर पडाल’, असे घराचा धनी पाहुण्याला तिच्या द्वारे सांगत असतो. हे वचन खरे ठरावयाचे तर पाटी दिसली पाहिजे, समजली पाहिजे, आणि ती जे दाखविते ते तेथे खरोखरच असले पाहिजे.

प्रथम दिसण्याचीच गोष्ट घेऊ. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात 59 माणसे प्राणास मुकली. त्यांना ज्वालांनी गाठले नव्हते. तळमजल्यावरील रोहित्रापासून उठलेल्या धुराने सज्जात बसलेल्या प्रेक्षकांना गुदमरविले. सज्जातील एक वाट जादा खुर्च्यांपायी बंद झाली होती आणि काळोखात दार दाखविणारे दिवे नव्हते, हे पुढे न्यायालयात स्पष्ट झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, 28 डिसेंबर 2017 ची मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग भडकली. 14 जणांचा बळी गेला, आणि त्यांतील बरेच जण प्रसाधनगृहात सापडले. घाबरलेला माणूस शांतपणे विचार करीत नाही; समोर जे दार दिसेल त्यात तो शिरतो. त्या दारापलीकडे वाट नसेल तर ते दार सापळा ठरते. म्हणूनच योग्य दार त्याच्या डोळ्यांत भरले पाहिजे. मुख्य वीज गेल्यावरही जळत राहील असा दिवा त्या दारावर पाहिजे. धूर वर चढून छताखाली साठतो व चौकटीवरचा दिवा झाकून टाकतो; तेव्हा वाट दाखविणाऱ्या खुणा जमिनीलगतही पाहिजेत.

समजण्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. 1948 चा कारखाना कायदा करणाऱ्यांच्या ती ध्यानात आली होती. आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी ठेवलेल्या दारा-खिडक्यांवर, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, पुरेशा मोठ्या तांबड्या अक्षरांनी किंवा सहज समजेल अशा दुसऱ्या एखाद्या चिन्हाने खूण करावी, असे त्यांनी मूळ कायद्यात लिहून ठेवले. आज आपल्या कचेऱ्यांच्या आणि रुग्णालयांच्या दारांवर ‘एक्झिट’ हा एकच शब्द, आणि तोही रोमन लिपीत, झळकत असतो. रात्री त्या इमारतीत असतात ते रखवालदार, झाडलोट करणाऱ्या बाया आणि रुग्णाच्या उशाशी बसलेले खेड्यातील नातलग. त्यांनी तो शब्द वाचावा ही अपेक्षा कोणी करावी? बरे, जेथे मराठीचा मान राखला जातो, तेथे ‘आपत्कालीन निर्गमन द्वार’ असे लिहून मराठी माणसालाही अडविले जाते. ‘बाहेर पडण्याची वाट’ हे शब्द दुसरीतल्या मुलालाही कळतात. मग ते लिहिण्यात कमीपणा कसला? पाठ न कळल्यास आधी शिकविणाराने आपली भाषा तपासावी, एवढे तरी शिक्षकी पेशाने आम्हांला शिकविले आहे.

आणि अक्षरेच ज्याला येत नाहीत, किंवा धुराने ज्याचे डोळे चुरचुरत आहेत, त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर जपानने शोधले, आणि तेही जबर किंमत मोजून. 1972 साली ओसाका येथील एका बहुमजली बाजारपेठेच्या इमारतीत आग लागून 118 माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्याच वर्षी कुमामोतो येथील तशाच इमारतीत शंभराहून अधिक गेली. अक्षरांच्या पाट्या पुरेशा नाहीत, हे ओळखून तेथे चिन्हांची स्पर्धा जाहीर करण्यात आली. तीन हजारांहून अधिक चित्रे आली. त्यांची धुरात आणि अंधुक उजेडात पारख झाली. त्यांतून दारातून धावत बाहेर पडणारी मनुष्याकृती निवडली गेली, आणि युकिओ ओता या अभिकल्पकाने तिला आजचे रूप दिले. पुढे ती आंतरराष्ट्रीय मानकांत गेली, आणि आज जगभर दारांवर तोच हिरवा मनुष्य धावत आहे. हिरव्याची निवडही विचारपूर्वक आहे. मंद उजेडात मानवी डोळ्याला तांबडा रंग काळवंडलेला दिसतो, हिरवा त्याहून सहज दिसतो. शिवाय ज्वालांच्या तांबडेपणात तांबडी पाटी हरवून जाते. हिरवी वेगळी उठून दिसते.

प्रथमोपचाराच्या खुणेबाबत तर आपण सर्रास चूक करीत आलो आहो. पांढऱ्या भूमीवरील तांबडा क्रूस हे वैद्यकाचे सर्वसाधारण चिन्ह आहे, असे समजून आपण तो दवाखान्यावर, औषधांच्या दुकानावर, रुग्णवाहिकेवर आणि पेटीवर रंगवितो. ते चिन्ह 1864 च्या जिनेव्हा करारापासून युद्धभूमीवरील जखमींच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी राखून ठेवलेले आहे. ‘येथे गोळी झाडू नका’ एवढाच त्याचा अर्थ. 1960 च्या जिनेव्हा करार कायद्याने केंद्र सरकारच्या संमतीवाचून त्याचा वापर करण्यास आपल्या देशात मनाई केली, आणि पाचशे रुपयांपर्यंत दंडही सांगून ठेवला. आश्चर्य हे की, अनेक राज्यांच्या कारखाना नियमांनीच पेटीवर तांबडा क्रूस काढण्यास फर्माविले! जे चिन्ह प्रत्येक दुकानावर दिसते, त्याचा दरारा रणांगणावर राहत नाही, आणि त्याची किंमत कोणी जखमी जवान किंवा परिचारिका चुकविते. प्रथमोपचारासाठी हिरव्या भूमीवरील पांढरा क्रूस हे आंतरराष्ट्रीय चिन्ह आहे. रंगाचा एक हात फिरविला की ही चूक सुधारते.

परंतु पाटी दिसली आणि समजली, तरी तिच्यामागे काही नसेल तर ती फसवणूकच ठरते. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे मधल्या सुट्टीत एक मुलगा जिन्यावरून पडला व त्याच्या कपाळाला खोक पडली. पेटी कार्यालयाच्या भिंतीवर होती, तिच्यावर सुबक अक्षरांत ‘प्रथमोपचार’ असे लिहिलेले होते, आणि तिला कुलूप होते. किल्ली ज्या कारकुनापाशी होती, ते बँकेत गेलेले. कोणा शिक्षकाने धोतराचा सोगा फाडून पट्टी बांधली. कारकून परतल्यावर पेटी उघडली, तेव्हा तीत सुकलेली आयोडिनची बाटली, खडूंचा खोका आणि गतवर्षीच्या संमेलनाच्या पावत्या निघाल्या. मुलगा बरा झाला. परंतु त्या पेटीवर ती अक्षरे सुबक काढणाऱ्यांत आम्हीही होतो, याची लाज आजही वाटते. 1948 च्या त्याच कायद्याने दर 150 कामगारांमागे निदान एक पेटी असावी, तीत विहित वस्तूंखेरीज दुसरे काही ठेवू नये आणि ती प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या, कामाच्या वेळात सदैव हाताशी असणाऱ्या माणसाच्या ताब्यात असावी, असे सांगितले होते. कायदा करणाऱ्यांना कुलपाची आणि पावत्यांची पूर्वकल्पना होती, असेच म्हणावे लागते.

महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, आगीपासून बचावाची व्यवस्था सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. हे कागद फायलीत जातात. ते खरे आहेत की नाहीत, हे पाहण्यास अधिकारी पुरे पडणार नाहीत. जे त्या इमारतीत राहतात व काम करतात त्यांनीच ते पाहिले पाहिजे. आमच्या वाचकांत गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस आहेत, मुख्याध्यापक आहेत, बँकांचे आणि कचेऱ्यांचे व्यवस्थापक आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, या सप्ताहात त्यांनी एक भाषण कमी ऐकावे आणि ती अर्धी घटका आपल्या इमारतीत काढावी. लिफ्टकडे पाठ फिरवून, पाटीच्या मागोमाग जिन्याने खाली उतरावे. सोबत आपल्या शिपायाला घ्यावे आणि प्रत्येक पाटीपाशी तिचा अर्थ त्याला विचारावा. वाटेत जुनी टेबले रचलेली आहेत काय, शेवटच्या दाराला कुलूप आहे काय, ते दार बाहेर उघडते काय, पेटीत पट्ट्या आहेत काय, हे स्वतःच्या हातांनी पाहावे. कुलूप आढळले तर ते त्याच दिवशी काढावे. चोराची भीती खरी असली, तरी आतून सहज उघडणारा अडसर बाजारात मिळतो.

गोदीतील ते 66 जवान दुसऱ्यांसाठी आगीत शिरले. त्यांच्या वारसदारांना उद्या आपल्या इमारतीत यावे लागले, तर निदान बंद दार फोडण्यात त्यांचा वेळ जाऊ नये. स्मारकावरील पुष्पचक्र दोन दिवसांत सुकते. उघडे ठेवलेले दार वर्षभर उपयोगी पडते.