वाचेपूर्वीची भाषा : तान्ह्या मुलांच्या हातखुणा

मूल बोलू लागले म्हणजे त्यास भाषा येऊ लागली, असे आपण सामान्यतः समजतो. परंतु घरातील तान्ह्या मुलाकडे थोडे लक्ष देऊन पाहिल्यास हा समज अपुरा असल्याचे दिसून येईल. नऊ-दहा महिन्यांचे मूल आजीने 'बाप्पाला जय कर' म्हणताच हात जोडते. कोणी बाहेर निघाले की हात हलविते. हवी ती वस्तू बोटाने दाखविते आणि आपण तिकडे पाहिले की नाही, हे आपल्या चेहऱ्याकडे पाहून ताडून घेते. त्याच्या मुखातून अद्याप एकही शब्द निघालेला नसतो. बोलण्यासाठी जीभ, ओठ, टाळू व श्वास यांची सूक्ष्म जुळणी व्हावी लागते व तीस सुमारे एक वर्ष लागते. हात मात्र त्यापूर्वीच मुलाच्या कह्यात येऊ लागतात. सांगण्याची इच्छा आधी व वाचा मागाहून, असा हा निसर्गक्रम आहे.

या क्रमाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील लिंडा अ‍ॅक्रेडोलो व सूझन गुडविन या संशोधिकांनी केला व त्यावरील निबंध १९८५ व १९८८ साली प्रसिद्ध केले. ऐकू येणारी मुलेही बोलण्यापूर्वी स्वतःच्या खुणा बनवितात, उदाहरणार्थ फुलासाठी नाकाने हुंगून दाखवितात, असे त्यांना आढळले. पुढे मुलांना अशा खुणा मुद्दाम शिकविण्याची प्रथा तिकडे रूढ झाली. त्यांतील अनेक खुणा अमेरिकेतील कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेतून घेतलेल्या आहेत. त्या भाषेत 'दूध' म्हणताना मूठ मिटावी-उघडावी लागते, जणू गाईची धार काढावी तशी! आपल्याकडील शेतकऱ्याच्या मुलासही ती खूण परकी वाटणार नाही.

शिकविण्याची रीत सोपी आहे. मूल सहा ते आठ महिन्यांचे झाले म्हणजे दूध, पाणी, आणखी, पुरे अशा नित्याच्या दोन-तीनच गोष्टी निवडाव्यात. ती वस्तू समोर असताना, मूल आपल्याकडे पाहत असताना खूण करावी व त्याच वेळी शब्दही स्पष्ट उच्चारावा. घरातील सर्वांनी एका गोष्टीसाठी एकच खूण वापरावी. मुलाने परत खूण करण्यास काही आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात. त्याची खूण ओबडधोबड असली तरी ती मान्य करून तत्काळ प्रतिसाद द्यावा. हात धरून घोकून घेऊ नये.

येथे दोन शंका उद्भवतात. खुणा शिकविल्याने मूल लवकर बोलते काय? आणि उलटपक्षी, खुणांची सवय लागल्यास ते बोलावयाचेच राहील काय? इंग्लंडमध्ये ४० माता व त्यांची बालके यांचे आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत निरीक्षण करून काढलेले निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. खुणा शिकलेली मुले भाषेत पुढेही गेली नाहीत व मागेही पडली नाहीत. मात्र खुणा शिकविणाऱ्या माता मुलांच्या मूक सूचनांकडे अधिक लक्ष देऊ लागल्या. म्हणजे ऐकणाऱ्या मुलास खुणा ही एक सोय होय. त्याहून अधिक आशा धरू नये व भीतीही बाळगू नये.

परंतु ज्या मुलास ऐकू येत नाही, त्याच्या बाबतीत हीच गोष्ट सोय न राहता गरज बनते. लॉरा-अ‍ॅन पेटिटो व पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ साली असे दाखविले की, सांकेतिक भाषा वापरणाऱ्या आईबापांची कर्णबधिर बालके, इतर बालके मुखाने बडबडतात तशी, हातांनी 'बडबडतात'. भाषा ग्रहण करण्याची मेंदूची शक्ती कानावर अवलंबून नाही. डोळ्यांवाटे भाषा मिळाल्यास ती तितक्याच तत्परतेने जागी होते. मात्र ही शक्ती पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक तीव्र असते. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मास येतात, आणि अशा घरी सांकेतिक भाषा कोणासच ठाऊक नसते. मग सहाव्या वर्षी ते मूल पहिलीच्या वर्गात येते, कोपऱ्यात बसते व गावात 'खुळे' म्हणून ओळखले जाते. त्याची बुद्धी मंद नसते. त्यास सहा वर्षांत कोणतीच भाषा मिळालेली नसते.

हा अनर्थ टाळणे शिक्षकांच्या हाती बऱ्याच अंशी आहे. कुटुंब सर्वेक्षणाच्या निमित्ताने आपण घरोघरी जातो व अंगणवाडीशीही आपला संबंध असतो. बहिरे मूलही पहिले काही महिने हुंकार देते, त्यामुळे आईस संशय येत नाही. म्हणून पुढील गोष्टी विचाराव्यात : थाळी पडल्यास मूल दचकते काय? सहा महिन्यांचे झाल्यावर आवाजाकडे मान वळविते काय? वर्षाचे होता होता नावाने हाक मारल्यास पाहते काय? ही परीक्षा मुलाच्या दृष्टीआड राहून करावी, कारण हालचाल दिसली तरी मूल वळते. संशय आल्यास वाट न पाहता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास कळवावे. २०१३ पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते.

श्रवणयंत्राची व्यवस्था होईपर्यंत भाषा थांबवून ठेवू नये. दहा-वीस खुणांवरही समाधान मानू नये. पूर्ण भाषा हवी. ती शिकविण्यास कर्णबधिर प्रौढांसारखा गुरू नाही. दिल्ली येथे २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ साली ३,००० शब्दांचा कोश काढला व २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांचा केला. त्याचा उपयोग पालकांस अवश्य करून द्यावा.

'होईल मोठेपणी बोलायला' असे सांगून आईचे समाधान करणे सोपे असते. परंतु त्या एका वाक्याने मुलाची अमूल्य वर्षे वाया जातात, हे शिक्षकाने तरी विसरू नये.