विश्लेषण : सेलिब्रिटींसाठी कायदा वेगळा असतो का?

२८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे मुंबईतील वांद्र्यात एका बेकरीबाहेर पदपथावर झोपलेल्या कामगारांवर अभिनेता सलमान खान याची गाडी चढली. एकाचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. ६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने सलमानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच संध्याकाळी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला दोन दिवसांचा अंतरिम जामीन दिला. पुढे १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने पुराव्याअभावी त्याची निर्दोष मुक्तता केली. त्या वेळी अनेकांनी विचारलेला प्रश्न आजही कायम आहे : सामान्य माणसाला हे शक्य झाले असते का?

कायद्यात सेलिब्रिटींना सवलत आहे का?

नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ नुसार कायद्यापुढे सर्व समान आहेत. राष्ट्रपती आणि राज्यपालांना पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे. चित्रपट कलाकार, खेळाडू किंवा उद्योगपतींसाठी अशी कोणतीही तरतूद नाही.

मग शिक्षेच्या दिवशीच जामीन कसा मिळाला?

शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर अपील दाखल करता यावे म्हणून शिक्षा सुनावणारे न्यायालयच त्याला काही काळ जामीन देऊ शकते. शिक्षा त्याहून जास्त असल्यास वरच्या न्यायालयात जावे लागते. सलमानला निकालाची पूर्ण प्रत मिळालेली नव्हती. त्याच मुद्द्यावर त्याच्या वकिलांनी तातडीने उच्च न्यायालय गाठले. ही वाट प्रत्येक आरोपीला खुली आहे. पण त्याच दुपारी अर्ज तयार करून उच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील उभा करणे किती जणांना परवडते? खरा फरक इथे पडतो.

लांबलेल्या खटल्याचा फायदा कोणाला?

जामिनावर बाहेर असलेल्या आरोपीला खटला लांबला तरी फारशी झळ बसत नाही. वांद्र्याच्या खटल्यात गुन्ह्याचे कलम कोणते यावरच अनेक वर्षे गेली. सलमानच्या संरक्षणासाठी नेमलेला पोलीस शिपाई हा महत्त्वाचा साक्षीदार होता. त्याचा २००७ मध्ये मृत्यू झाला. त्याच्या साक्षीवर विसंबून राहता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने पुढे म्हटले. याउलट, तुरुंगात असलेल्या गरीब आरोपीसाठी लांबलेला खटला म्हणजे निकालाआधीच भोगलेली शिक्षा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते.

तुरुंगात तरी वागणूक सारखी असते का?

नियम सारखेच आहेत. शस्त्रास्त्र कायद्याखाली दोषी ठरलेल्या संजय दत्तला येरवडा कारागृहात असताना मिळालेल्या संचित आणि अभिवचन रजांवरून टीका झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याची आठ महिन्यांहून अधिक काळ आधी सुटका झाली. त्याविरोधातील जनहित याचिकेत, नियमभंग झालेला नाही हे राज्य सरकारचे म्हणणे उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले. मात्र त्याच रजेसाठी इतर कैद्यांचे अर्ज किती दिवस पडून राहतात, हा टीकाकारांचा प्रश्न राहिलाच.

कन्नड अभिनेता दर्शनच्या बाबतीत चित्र वेगळे होते. खुनाच्या आरोपाखाली बेंगळुरूच्या कारागृहात असताना तो खुर्चीत बसून इतरांसोबत सिगारेट ओढत असल्याचे छायाचित्र ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेर आले. त्याला बळ्ळारीच्या कारागृहात हलवण्यात आले. पुढे उच्च न्यायालयाने दिलेला त्याचा जामीन १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि तुरुंगात विशेष वागणूक दिल्यास अधिकाऱ्यांवर कारवाई होईल, असा इशाराही दिला.

प्रसिद्धीचा तोटाही होतो का?

होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रूझवरील अमली पदार्थ प्रकरणात आर्यन खानला अटक झाली. त्याच्याकडे अमली पदार्थ सापडले नव्हते, तरी तो तीन आठवड्यांहून अधिक काळ कोठडीत होता. जामीन मिळाल्यावरही कागदपत्रे आर्थर रोड कारागृहात वेळेत न पोहोचल्याने एक रात्र वाढली. मे २०२२ मधील आरोपपत्रात त्याचे नावच नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये अभिनेता अल्लू अर्जुनलाही अंतरिम जामीन मिळूनही हैदराबादच्या कारागृहात रात्र काढावी लागली. कागद उशिरा पोहोचल्याने अशा किती तरी रात्री सामान्य कैदी काढतात. त्यांची बातमी होत नाही, इतकेच.

सामान्य आरोपीचे हक्क कोणते?

• जामीनपात्र गुन्ह्यात अटकेनंतर एका आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी गरीब आहे असे मानून त्याला जातमुचलक्यावर सोडावे लागते.

• भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन मिळू शकतो. पहिलाच गुन्हा असल्यास एक तृतीयांश काळ पुरेसा आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून अधिक खटले प्रलंबित असल्यास ही तरतूद लागू नाही.

• हा काळ पूर्ण होताच न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांची आहे.

• कोठडीतील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या हेल्पलाइनवर संपर्क साधता येतो.

सेलिब्रिटींना जे मिळते, त्यातले बरेचसे कायद्याने सर्वांनाच देऊ केले आहे. ते मागण्यासाठी कोणी तरी वेळेवर न्यायालयात उभे राहावे लागते. समानतेची खरी परीक्षा तिथेच होते.